अडतिसाव्या पानावरचं फूल

४ जून

शाईबोट्या,

पाकीट फाडून टाकायच्या आधी हे एक पान वाच. वाटणीबिटणीचं काही नाही, आणि मी मरायलाही टेकलेली नाही. गुडघे सोडले तर धडधाकट आहे. फोन तू उचलत नाहीस. बाबा गेल्यापासून चौदा वर्षांत तीनदा केला, तिन्ही वेळा तुझ्या बायकोने उचलला आणि "ते बाहेर गेलेत" म्हणाली. एवढं बाहेर जाणारा माणूस तू कधी नव्हतास. म्हणून पत्र.

काम आहे, आणि ते तूच करू शकतोस.

मी अजून अक्षरंच काढते, हे तुला माहीत असेल-नसेल. छापखान्यातून निवृत्त झाले तरी लोक घरी काम आणून देतात. आता कागदावर नाही, पडद्यावर काढायचं. एकेक वळण बिंदूंनी बांधायचं. जितके कमी बिंदू, तितकं वळण गोड. तर गेल्या वर्षी एक अभ्यासक मुलगी आली. तिला मी मनात घाईबाई म्हणते, कारण चप्पल काढायच्या आधीच तिचं अर्धं बोलणं झालेलं असतं. ती म्हणाली, "काकू, पश्चिम आशियातल्या एका जुन्या अरामी लिपीला क्रमांक मिळवून द्यायचेत, अक्षरांचे आकार तुम्ही काढाल का?"

क्रमांक म्हणजे काय ते सांगते, मलाही ते साठीत कळलं. तू फोनवर एखादं अक्षर दाबतोस तेव्हा आत अक्षर जात नाही, एक आकडा जातो. जगातल्या सगळ्या लिप्यांना असे आकडे वाटणारी एक समिती आहे. ज्याला आकडा मिळाला ते अक्षर जगातल्या प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक संगणकात जातं. या लिपीची बावीस अक्षरं बिनतक्रार गेली. राहिली ती नक्षी. लेख कोरणारे लोक ओळ संपली की टोकाला एक फूल कोरायचे. एक डावीकडे कललेलं, एक उजवीकडे कललेलं. ती दोन्ही फुलं ठिकठिकाणच्या दगडांवर आहेत, फोटो आहेत, त्यांचं काही नाही.

घाईबाईने समितीला दिलेल्या प्रस्तावात तिसरंही घातलंय. उभं फूल. तीन पाकळ्या, सरळ देठ, खाली एक ठिपका. पुरावा काय, तर संग्रहालयाची जुनी सूची, पान अडतीस. दगडावरून हाताने केलेली प्रत. प्रत करणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात. बाबांचं.

आता तुझ्या लक्षात आलं असेल.

मूळ दगड आता नाही. संग्रहालयाच्या त्या दालनाला आग लागली तेव्हा तडकून चुरा झाला, बाबांनी घेतलेले ठसेही गेले. ते फूल खोटं आहे हे सांगू शकणारी माणसं या जगात दोनच उरली आहेत, तू आणि मी. समिती तीस सप्टेंबरपर्यंत हरकती घेते. त्यानंतर आकडा मिळाला की मिळाला. तो परत घेत नाहीत, नाव बदलत नाहीत, कुणाच्या बापाला ते पुसता येत नाही. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच.

पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय. तू फक्त एवढं लिहून पाठव: "अडतिसाव्या पानावरचं उभं फूल दगडावर नव्हतं. मी सहा वर्षांचा असताना ते गंमत म्हणून काढलं. माझ्या मोठ्या बहिणीने ते पाहिलं आहे." बस, तीन वाक्यं. सहा वर्षांच्या पोराला कोण काय बोलणार आहे? आणि आता बाबाही नाहीत रागवायला. मीच लिहिलं असतं, पण मी या कामात आहे, आकार मीच काढलेत. मी बोलले तर लोक म्हणतील, बाईला इतके महिने काय झालं होतं.

बाबांच्या वेळी तू आला नाहीस, तेही आता मनात ठेवत नाही. असो.

तुझी,
ताई


२९ जून

शाईबोट्या,

पंचवीस दिवस झाले. पत्र पोचायला आठ, तुझा राग उतरायला आठ, लिहायला एक, उत्तर यायला आठ. माझा हिशेब चुकला की तुझा राग अजून उतरायचाय?

परवा घाईबाई येऊन गेली. सूची उघडून अडतिसावं पान खिडकीपाशी धरलं आणि लहान मुलासारखी हरखली. म्हणाली, "काकू, तुमच्या वडिलांचा हात काय होता हो! नुसती प्रत नाही ही, दगड दिसतो यात." मग पिशवीतून आणखी दोन पुस्तकं काढली. दोन्हींत तेच फूल. "बघा, तीन पुरावे झाले. समिती खूश आहे." मी पाहिलं. दोन्ही पुस्तकवाल्यांनी बाबांचंच पान समोर ठेवून काढलंय. एकाने तर ठिपकासुद्धा तसाच, डावीकडे जरा ओघळलेला काढलाय. एकाचं पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. शाळेत आपण गणितं उतरवायचो तेव्हा चुकासुद्धा उतरवायचो, तसंच.

मी तिला म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. चहा ठेवला, पेला तिच्या हातात दिला, तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "प्रस्तावात मी तुमच्या वडिलांना एक अख्खा परिच्छेद दिलाय. इतक्या वर्षांत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही ना?"

नाही घेतलं. तुला आठवतं ना, सूची छापून आली तेव्हा बाहेरून एक विद्वान आले होते. ते सूची हातात धरून दगडासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे फूल कुठाय इथे?" तिथे दगडाचा टवका गेलेला होता, बाकी काही नव्हतं. संग्रहालयाच्या साहेबांनी "झाकली मूठ" म्हणून छापलेलं दुरुस्त केलं नाही. पण बाबांना दगडांपासून काढलं ते काढलंच. पुढची बावीस वर्षं काचेच्या कपाटांतल्या चिठ्ठ्या लिहीत होते. "मातीचे भांडे." "मातीचे भांडे, फुटलेले." रोज जेवताना तुझ्याकडे बघायचे नाहीत.

तर मी तिला काही म्हटलं नाही. चहा प्यायलो आणि ती गेली.

मग बसून त्या फुलाचं देठ सरळ केलं. समितीच्या तक्त्यात जायचंय ना. ठिपक्याचं काय करावं कळेना. घाईबाईच्या मते तो नक्षीचा भाग आहे, त्याला काही अर्थ असणार. अर्थ कसला डोंबलाचा! टाक गळला होता, दुसरं काही नाही.

म्हणजे गळला असणार.

तीन वाक्यं आहेत रे. लिहून टाक ना.

ताई


२० जुलै

तुला काय म्हणून हाक मारू ते सुचत नाहीये. मागच्या दोन पत्रांत वर जे लिहिलं ते आता हात लिहीत नाही.

पहिल्या पत्रातली ती तीन वाक्यं लिहू नकोस. लिहिली असलीस तर पाठवू नकोस. ते फूल तू काढलं नाहीस. मी काढलं.

झालं. इतकंच लिहायला बावन्न वर्षं लागली, आणि आज सकाळपासून चार कागद.

सगळं सांगते. बाबा प्रत कशी करायचे ते तुला आठवत नसेल, तू फार लहान होतास. ओला कागद दगडावर अंथरायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो कोरीव रेघांत बसवायचा, वाळला की शाईचा बोळा फिरवायचा. मग तो ठसा घरी आणून त्यावरून टाकाने स्वच्छ प्रत. त्यांचा एकच नियम होता. दिसतं तेवढंच काढायचं. टवका गेला असेल तिथे टवक्याची कड काढायची आणि आत कोरं सोडायचं. मी विचारायचे, "बाबा, इथे काय असेल हे कळतंय की, मग भरत का नाही?" ते म्हणायचे, "आपल्याला कळतंय म्हणून ते तिथे नसतं, बाळा."

त्या दिवशी अडतिसावं पान टेबलावर वाळत होतं. शेवटचीच ओळ, एका टोकाला फूल आणि दुसऱ्या टोकाला टवका. बाबा अंघोळीला गेले होते. छापखान्याचा माणूस पान न्यायला दारात येऊन बसला होता. मला ते पान लंगडं वाटलं. मी अकरा वर्षांची होते आणि मला वाटायचं माझा हात बाबांइतकाच चांगला आहे. कललेलं फूल जमेना, म्हणून उभं काढलं. वाईट करायचं म्हणून नाही काढलं रे. ते पान मला आवडलं होतं.

खाली शाई गळली तेव्हा मी घाबरले. तू दाराशी गोट्या खेळत होतास. तुला टाक दिला आणि म्हटलं, "जा, पळत जाऊन धुऊन आण." तू पळालास. बाबा बाहेर आले तेव्हा तुझी दहाही बोटं काळी. पान न बघताच त्यांनी छापखान्याच्या माणसाच्या हातात दिलं आणि तुझ्याकडे बघून हसले. हो, हसले होते. शाईबोट्या हे नाव तेव्हा लाडाचं होतं. आईने तर तुझ्या बोटांचे मुके घेतले होते.

सात महिन्यांनी सूची छापून आली, ते विद्वान आले, आणि बाबा घरी येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी याची बोटं शाईची होती." तुला पुढे उभं केलं. तुला काय आठवणार, सात महिन्यांपूर्वीचं! तू नुसता माझ्याकडे बघत होतास. बाबांनी मला विचारलं, "तू पाहिलंस ना?"

मी मान हलवली.

शब्दसुद्धा बोलले नाही. नुसती मान हलवली. पुढे मी स्वतःला हेच सांगत आले, की मी खोटं बोलले नाही.

त्या दिवसापासून घरात तुला कशालाच हात लावू द्यायचे नाहीत. रेडिओ, कात्री, कंदील, काही नाही. "राहू दे, तू नको." एकोणिसाव्या वर्षी घर सोडताना तू पेटी उचललीस, तेव्हाही बाबा म्हणाले, "जपून, काही पाडशील." सगळे म्हणाले, पोरगा तिरसट निघाला. मीही म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणाले.

आता तू पत्र लिही. समितीला नको, मला लिही. शिव्या दे. पण लिही.

ताई


१६ ऑगस्ट

उत्तर नाही. बरोबर आहे. मी असते तर मीही दिलं नसतं.

घाईबाईला सांगितलं. तिच्या खोलीत गेले होते, भिंतीभर त्या लिपीचे तक्ते लावलेत तिने, मधोमध माझी तीन फुलं. सांगून झाल्यावर तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "काकू, हे तुम्ही मला सहा महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?" तिने माझ्यासमोर समितीला फोन लावला. आता प्रस्ताव तिच्या हातात राहिलेला नाही म्हणे, तो मतदानाला गेलाय, तिलाही मागे घेता येत नाही. हरकत येईल तीच काय ती बघतील. फोन ठेवून ती तक्त्याकडे बघत राहिली. रडली नाही, पण मला जा म्हणाली.

मी ई-मेलने हरकत पाठवली. माझ्या नावाने, सगळं खरं. आठवड्यात उत्तर आलं, फार सभ्य भाषेत. तीन छापील पुरावे एका बाजूला, आणि एका बाईची बावन्न वर्षांपूर्वीची आठवण दुसऱ्या बाजूला. घटना पाहिलेलं आणखी कुणी हयात असेल तर त्यांचं निवेदन पाठवावं, मग विचार करू. बैल गेला नि झोपा केला म्हणायचीही सोय नाही, बैल अजून दारात उभा आहे आणि दोर माझ्या हातात नाही.

म्हणून पुन्हा तुझ्याच दारात. फूल तू काढलं नाहीस, टाक तुझ्या हातात मी दिला, एवढंच तुला जे आठवत असेल ते लिही. आठवत नसेल तर नाही आठवत म्हणून लिही.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही.

बाबा दवाखान्यात नऊ दिवस होते. तुला फोन गेला तो दहाव्या दिवशी, सगळं उरकल्यावर. तू विचारलंस, "आता कशाला सांगतेस?" आणि मी म्हटलं, "फार अचानक झालं रे." अचानक नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून ते तुला विचारत होते. तुझ्या खऱ्या नावाने, शाईबोट्या म्हणून नाही. "तो आला का?" मी म्हणायचे, "कळवलंय बाबा, निघालाय." सकाळी विचारायचे, दुपारी विचारायचे. मी उशी सारखी करायचे आणि म्हणायचे, "वाटेत असेल." सहाव्या दिवशी म्हणाले, "लहान होतं पोरगं. मी फार लावून धरलं. त्याला सांगायचंय." म्हणजे तुला माफ करणार होते, तू न केलेल्या गोष्टीसाठी. आणि तू समोर बसून म्हणणार होतास, "बाबा, मला तर काही आठवतच नाही." आणि मग ते माझ्याकडे बघणार होते.

म्हणून नाही कळवलं. खोलीच्या बाहेरच भिंतीला फोन होता. नऊ दिवस मी त्याच्यासमोरून पाणी आणायला जात होते.

तू आला नाहीस असं मी सगळ्यांना सांगितलं. पहिल्या पत्रात तुलाही तेच सांगितलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

तीस सप्टेंबरला पंचेचाळीस दिवस आहेत.

ताई


१९ सप्टेंबर

आज समितीकडून पाकीट आलं. त्यात तुझ्या निवेदनाची प्रत.

आधी तुझं अक्षर पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं. 'र' अजून तसाच काढतोस, शेपटी लांब. मग तारीख पाहिली. बारा जून.

बारा जून! म्हणजे माझं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी बसून लिहिलंस, आणि मी इकडे तीन-तीन महिने तुला मनातून शिव्या घालतेय की हा मख्ख बसलाय. त्यांच्याकडे कागदी टपाल तीन महिन्यांनी एकदा फोडतात म्हणून मला आज कळलं.

मी सांगितलेली तीन वाक्यं लिहिली नाहीस. स्वतःची लिहिलीस. मी इथे उतरवून काढते, म्हणजे तू काय केलंस ते तुला कळेल:

"अडतिसाव्या पानावरचं उभं फूल दगडावर नव्हतं, ते मी काढलं. मी सहा वर्षांचा होतो. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, पण माझ्या मोठ्या बहिणीने पाहिलं आहे आणि ती खोटं बोलणार नाही. माझ्यामुळे वडिलांचं काम गेलं. त्यांची बाकीची सगळी पानं खरी आहेत. या एका फुलाचा डाग त्यांच्या नावाला लागू देऊ नये, ही विनंती."

तिसरं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

सोबत समितीचं पत्र होतं. भाऊ म्हणतो मी काढलं, बहीण म्हणते मी काढलं. भाऊ साक्षीला बहीण देतो, आणि बहीण आपण तेव्हा खोटी साक्ष दिली असं सांगते. दोघांच्याही हेतूबद्दल शंका नाही, परंतु परस्परविरोधी निवेदनं ग्राह्य धरता येत नाहीत. म्हणजे दोन्ही बाद. तीन छापील पुरावे तेवढे शिल्लक.

मी लगेच लिहिलं की भावाचं निवेदन माझ्याच सांगण्यावरून आहे, पहिल्या पत्रात मीच खोटं लिहिलं होतं. त्यांच्या चिटणीसांनी फोन केला. आवाजावरून चांगला माणूस वाटला. म्हणाला, "बाई, तुमची हकीकत आता तिसऱ्यांदा बदलतेय. आम्ही नेमकं काय धरायचं?" मी म्हटलं, "ही खरी धरा." तो म्हणाला, "मला वाटतंय खरी असेल. पण मला वाटून उपयोग नाही."

मग तुला फोन केला. तुझी बायको. या वेळी ती बाहेर गेलेत म्हणाली नाही. म्हणाली, "ताई, पहिलं पत्र वाचलं त्यांनी. लगेच लिहायला बसले. टाकून आले आणि म्हणाले, चला, तिचं काम झालं. बाकीची तुमची पत्रं टेबलाच्या खणात आहेत, फोडलेली नाहीत."

"तू फोड ना ग," मी म्हटलं.

"त्यांच्या नावाचं टपाल मी फोडत नाही."

मग मी तिला फोनवर सगळं सांगून टाकलं. फूल, टाक, मान हलवली ते, दवाखाना, सगळं. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "ताई, आमच्या मुलीला ते पेन्सिलसुद्धा तासून द्यायचे नाहीत. म्हणायचे, माझ्या हातून बिघडेल. पंचवीस वर्षं मी हे ऐकतेय." मी म्हटलं, "सांग त्याला." ती म्हणाली, "हे मी नाही सांगणार. तुमच्या तोंडचं आहे, तुम्हीच सांगा."

कसं सांगू? फोन तू घेत नाहीस, पाकीट तू फोडत नाहीस. हेही खणातच जाईल. तरी लिहितेय. आणि तुला न आठवणारी गोष्ट तू बावन्न वर्षं अंगावर बाळगलीस, का, तर ताईने पाहिलं होतं म्हणून. एकदा तरी म्हणायचं होतंस की ताई खोटं बोलते. एकदा तरी माझ्याशी भांडायचं होतंस रे.

ताई


३ नोव्हेंबर

(साधं कार्ड)

पाकीट तू फोडत नाहीस, म्हणून कार्ड. उघडं आहे. पोस्टमन वाचेल, शेजारचे वाचतील, तुझी मुलगी वाचेल, वाचू देत सगळ्यांना.

ते फूल तू काढलं नाहीस. मी काढलं. तुझी बोटं काळी झाली कारण टाक धुवायला मी तुला पाठवलं. बाबांनी विचारलं तेव्हा मी खोटी मान हलवली. शेवटी ते तुला रोज विचारत होते आणि मी तुला कळवलं नाही. तुझ्या हातून आयुष्यात काहीही बिघडलेलं नाही.

फुलाला काल आकडा मिळाला. आता ते निघत नाही. पुढच्या वर्षी तुझ्याही फोनमध्ये येईल. दिसलं तर ओळख, माझं आहे.

खणातली पत्रं फोडलीस तर फोड, नाही तर राहू देत. हे कार्ड वाचलंस तरी पुरे.

खाली डाव्या कोपऱ्यात थोडी जागा उरलीय. कोरीच सोडतेय.

ताई